खाऱ्या वाऱ्यात इलेक्ट्रॉनिक शॉकअप: जुन्या टीटीला काय बसवावं आणि कसं

विचारलेलं थोडक्यात असं: गाडी दुसऱ्या पिढीची ऑडी टीटी, वापरलेली घेतलेली, कंपनीचे साधे शॉकअप. मागचा उजवा तेल गाळतोय. घर रत्नागिरीत, भाट्याच्या सुरूबनापासून जवळ. महिन्यातून दोन-तीनदा आंबा घाटातून कोल्हापूर. एका अपघातग्रस्त टीटीचे चारही मॅग्नेटिक राइड शॉकअप स्वस्तात मिळतायत. दुसरीकडे वरून मोटरने ॲडजस्ट होणारा सेट बाहेरून मागवता येतो. यातलं काय घ्यावं आणि रत्नागिरीतल्या गॅरेजात बसेल का?

तुम्ही दोन शॉकअपमधली निवड विचारताय, पण खरा प्रश्न वायरिंगचा आहे. शॉकअप बदलणं हे पाने आणि जॅकचं काम, चांगला फिटर दीड दिवसात करतो. तो शॉकअप समुद्रापासून हाकेच्या अंतरावर तीन पावसाळे चालेल की पहिल्याच श्रावणात डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागेल, हे कनेक्टर, वायर आणि अर्थिंग ठरवतात. किनाऱ्यावर हे शॉकअप आतल्या व्हॉल्व्हमुळे कमी आणि बाहेरच्या तांब्यामुळे जास्त मरतात.

आधी प्रकार समजून घ्या. बाजारात 'इलेक्ट्रॉनिक शॉकअप' या एका नावाखाली तीन वेगळी यंत्रं विकली जातात. पहिलं सोलेनॉइड व्हॉल्व्हचं: कॉइलमधला करंट कमी-जास्त करून तेलाची वाट अरुंद-रुंद होते. दुसरं मॅग्नेटिक: तेलातच लोखंडाचे बारीक कण असतात, पिस्टनमधल्या कॉइलला करंट दिला की तिथलं तेल घट्ट होतं. 2002 साली कॅडिलॅक सेव्हिलमध्ये हे पहिल्यांदा आलं आणि ऑडीने 2006 साली तुमच्याच पिढीच्या टीटीत ते पर्याय म्हणून दिलं. तिसरं सगळ्यात साधं: शॉकअप हाताने फिरवायच्या ॲडजस्टरचाच, फक्त हाताऐवजी वर एक छोटी स्टेपर मोटर बसते आणि आत डॅशवर कंट्रोलर. टेनचं ईडीएफसी हे याचं ठळक उदाहरण.

पहिल्या दोन प्रकारांना गाडीची बुद्धी लागते. मॅग्नेटिक राइडच्या टीटीत वेगळा कंट्रोल युनिट असतो, चाकांजवळ उंची मोजणारे सेन्सर असतात, त्यांची वायरिंग असते, कन्सोलवर बटण असतं आणि हे सगळं गाडीच्या नेटवर्कमध्ये कोड केलेलं असतं. तुमच्या गाडीत यातलं काहीच नाही. नुसते चार शॉकअप लावून वायर मोकळी सोडली तर काय होईल? करंट नसलेला मॅग्नेटिक शॉकअप अगदी मऊ वागतो. गाडी पाण्यावरच्या होडीसारखी डोलेल आणि आंब्याच्या उतारावर ते मजेचं नाही. पूर्ण वायरिंग हार्नेस, युनिट, सेन्सर, त्यांच्या ब्रॅकेटसकट त्याच गाडीतून काढून आणून कोडिंग करणं शक्य असतं. पण मग स्वस्तपणा संपला. शिवाय वापरलेल्या मॅग्नेटिक शॉकअपचं आयुष्य बाहेरून कळत नाही. ते कण सील आणि दांडा घासत असतात आणि अपघातातल्या गाडीचा दांडा अर्धा मिलिमीटर वाकलेला असला तरी डोळ्यांना दिसत नाही. माझं मत स्पष्ट: तो सेट सोडा.

याच कारणासाठी बिलस्टीनचे डँपट्रॉनिक वगैरे सेटही तुमच्यासाठी नाहीत. ते कंपनीची इलेक्ट्रॉनिक सिस्टिम आधीपासून असलेल्या गाडीत तिच्याच प्लगला जोडायचे असतात. विकणारा 'सगळ्या मॉडेलला बसतो' म्हणेल. बोल्टने बसतो हे खरं, चालत मात्र नाही.

उरला मोटरवाला स्वतंत्र सेट. तो गाडीच्या नेटवर्कला हात लावत नाही, बिघडला तरी गाडी शेवटच्या सेटिंगवर साध्या शॉकअपसारखी चालत राहते. किनाऱ्यावर हा फार मोठा गुण आहे. पण पैसे भरण्याआधी एक गोष्ट गाडी वर घेऊन मोजा. पुढच्या स्ट्रटचं (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या खांबाचं) डोकं काचेखालच्या प्लास्टिकच्या काउलखाली येतं, तिथे मोटरला उंची मिळते की नाही ते पाहा. मागे पंचाईत जास्त आहे. टीटीत मागची स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. शॉकअपचं वरचं टोक चाकाच्या कमानीत पत्र्याखाली लपलेलं असतं. ॲडजस्टर वर असेल तर मोटरला जागा मिळत नाही. कोणीतरी 'वरून छिद्र पाडू' म्हणेल. पाडू देऊ नका. टीटीचा सांगाडा पुढे ॲल्युमिनियमचा आणि मागे स्टीलचा आहे. मागच्या स्टीलला कमानीत उघडी कड दिलीत तर खारं पाणी दोन वर्षांत तिथून गंजाची वाट काढेल. मागे ॲडजस्टर खाली किंवा बाजूला असलेला, किंवा केबलने लांबून फिरणारा सेट तुमच्या गाडीसाठी मिळाला तर घ्या. नाही मिळाला तर पुढे-मागे चांगले साधे शॉकअप लावा आणि पैसे टायरवर खर्च करा. हे ऐकायला बरं वाटत नाही, पण अर्धी इलेक्ट्रॉनिक गाडी कुणाला विकताही येत नाही.

सेट जुळतो असं धरून पुढचं सांगतो.

शॉकअपबरोबर टॉप माउंट (शॉकअपचं वरचं टोक धरणारा रबरी भाग), बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दाबला गेला की धक्का झेलणारा रबर) आणि धुळीचं बूट चारही कोपऱ्यांना नवे घ्या, पुढच्या माउंटचा बेअरिंगही. बूट तर हवंच. आपल्याकडची जांभ्याची लाल माती सुकली की बारीक कुरुंदासारखी होते. उघड्या दांड्यावर बसली की सील खाते. ज्या नट-बोल्टचा टॉर्क 'अमुक न्यूटन-मीटर आणि पुढे 90 अंश' अशा भाषेत दिलेला असतो ते ताणले जाणारे बोल्ट असतात, तेही नवे. सगळे आकडे तुमच्या गाडीच्याच मॅन्युअलमधून घ्या, गोल्फचे किंवा ए3चे चालवून घेऊ नका. पुढचा टॉवर ॲल्युमिनियमचा असल्याने जास्तीचा टॉर्क तिथे थेट आटे काढतो. या बोल्टना ग्रीस किंवा कॉपर पेस्ट लावायचा मोह आवरा. आटे गुळगुळीत झाले की त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. गंजाची भीती असेल तर बोल्ट पूर्ण घट्ट झाल्यावर बाहेर उरलेल्या आट्यांवर मेण फवारा.

काम सुरू करण्याआधी सपाट फरशीवर गाडी उभी करून चारही कोपऱ्यांना चाकाच्या मधल्या बिंदूपासून कमानीच्या कडेपर्यंत उंची मोजा आणि कागदावर लिहा. हे चार आकडे पुढे पुन्हा पुन्हा लागणार आहेत.

पुढे चाक, स्टॅबिलायझर लिंक आणि एबीएसच्या वायरचा क्लिप काढा. नकलचा, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या धातूच्या भागाचा, पिंच बोल्ट निघाल्यावर त्या फटीत स्प्रेडर घालून 90 अंश फिरवला की पकड सैल होते आणि नकल खाली सरकतं. स्प्रेडरऐवजी छिन्नी ठोकणारे भेटतात. नकलला चीर गेली की ते नकलच बदलावं लागतं. नकल खाली घेताना ड्राइव्हशाफ्ट लटकू देऊ नका, तारेने बांधा, नाहीतर आतला जॉइंट निसटतो. जागा करण्यासाठी ड्राइव्हशाफ्टचा मधला बोल्ट सैल केला असेल तर तो घट्ट होईपर्यंत गाडीचं वजन चाकावर देऊ नका, व्हील बेअरिंग खराब होतो.

स्प्रिंग दाबताना दोन हुक समोरासमोर असावेत आणि तोंड कुणाकडेही नसावं. वरचा नट आवळताना इम्पॅक्ट गन नको, अगदी कितीही घाई असली तरी. गनने दांडाही फिरतो, सील ओरबाडतं, आणि आत ॲडजस्टरची सुई असलेल्या दांड्यात ती सुई वाकते. दांडा ॲलनने धरायचा, नट खाच असलेल्या सॉकेटने फिरवायचा. ट्विन-ट्यूब, म्हणजे एकात एक दोन नळ्यांचा, शॉकअप असेल तर गाडीत घालण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून-ताणून आतली हवा काढा. आडवा ठेवलेला शॉकअप तसाच लावला की पहिले काही किलोमीटर टकटक ऐकू येते आणि लोक मोटरला दोष देतात.

मागे स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते, म्हणून शॉकअपचा खालचा बोल्ट काढण्याआधी आर्मखाली जॅक हवाच. बोल्ट घालताना मात्र हाताने. शेवटचा टॉर्क आर्म जॅकने उचलून, तुम्ही लिहून ठेवलेल्या उंचीवर आणूनच द्यायचा. गाडी लटकत असताना बुश (बोल्टभोवतीचा रबरी भाग) घट्ट केला तर तो रबर रोजच पिळलेला राहतो: उंची खोटी दाखवतो आणि वर्षभरात फाटतो.

आता वायर. इथे वेळ घ्या.

मोटरची किंवा सेन्सरची वायर चाकाच्या कमानीतून जाते, म्हणजे चिखल, खारं पाणी आणि उडणारे खडे. तिला ब्रेकच्या पाइपच्या किंवा एबीएसच्या वायरच्या वाटेने न्या. कंपनीने ती वाट मोजूनच ठरवलेली असते. स्प्रिंगला किंवा शॉकअपच्या बॉडीला केबल टायने बांधू नका. मग तीन स्थितींत तपासा: चाक पूर्ण लटकलेलं, चाक जॅकने पूर्ण वर, आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तिन्हींत वायर ताठ होता कामा नये आणि टायरला लागता कामा नये. आत शिरण्याआधी ग्रोमेटच्या (पत्र्याच्या भोकातल्या रबरी कड्याच्या) खाली तीन-चार सेंटिमीटरचा झोळ ठेवा, म्हणजे पाण्याचा थेंब तिथून टपकतो, आत ओघळत नाही. सगळीकडे नालीदार नळी घाला, खाऱ्या पाण्याइतकाच तो उंदरांचाही बंदोबस्त आहे.

जोड शक्यतो नसावेत. असलेच तर क्रिंप करून (पक्कडीने दाबून) त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी. काळी इन्सुलेशन टेप कोकणात चालत नाही. उन्हात चिकट होते, सुटते आणि आत पाणी धरून ठेवते. आणि एक सवय वायरमनला आधीच सांगून बंद करा: टेस्ट लॅम्पची सुई वायरच्या आवरणात टोचून करंट बघणं. तो टोचा डोळ्यांना दिसत नाही, पण खारट ओल तिथून आत शिरते आणि तांब्याच्या तारांमधून पुढे चढते. पुढच्या दिवाळीला वायर सोलून बघितलीत तर फूटभर आत हिरवा चुरा सापडतो. बिघाड कनेक्टरपाशी नसतो म्हणून कुणालाच सापडत नाही. तपासायचं ते कनेक्टरच्या मागच्या बाजूने, सील न दुखावता.

कनेक्टर सीलबंदच हवेत, रबरी सील जागेवर आहे ना ते प्रत्येक वेळी बघा, आणि सीलच्या ओठाला थोडं डायइलेक्ट्रिक सिलिकॉन ग्रीस लावा. आत भरभरून नको. कनेक्टरचं तोंड वर करून बसवू नका.

अर्थिंगला टीटीत एक खास सापळा आहे. पुढचा भाग ॲल्युमिनियमचा, थिंबल (वायरच्या टोकाचं कडं) तांब्याचं किंवा पितळेचं, मध्ये मीठ आणि ओल: झाली बॅटरी. अशा जोडीत ॲल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी पूड धरते आणि अर्थ कमजोर होतो. त्यामुळे पुढच्या पत्र्याला नवा स्क्रू मारून अर्थ घेऊ नका. कंपनीने दिलेला अर्थचा स्टडच वापरा, किंवा सरळ बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत वायर न्या. पॉझिटिव्ह बॅटरीवरून घेत असाल तर फ्यूज बॅटरीच्या शेजारीच हवा, डॅशजवळ नव्हे. फ्यूजच्या आधीची वायर घासली तर तिला अडवणारं कोणी नसतं. फ्यूज किटच्या पुस्तकात लिहिलेल्या अँपिअरचाच. जोडणी झाल्यावर मोटर चालू असताना मीटरचं एक टोक कंट्रोलरच्या निगेटिव्हला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. 0.1 व्होल्टपेक्षा कमी आलं पाहिजे. जास्त आलं तर अर्थ आजच कच्चा आहे, पावसाळ्याची वाट बघायची गरज नाही.

कंट्रोलर डॅशच्या आत, वर. सीटखाली किंवा कार्पेटखाली नको. ओल्या छत्र्या आणि चपला कुठे ठेवल्या जातात ते तुम्हाला माहीत आहे. कंट्रोलरमध्ये जी-सेन्सर (वळणाचा आणि ब्रेकचा जोर मोजणारा) असेल तर तो सपाट आणि घट्ट बसवा, दुहेरी टेपवर लोंबकळणारा सेन्सर प्रत्येक खड्ड्याला वळण समजतो.

मोटर चढवण्याआधी ॲडजस्टर हाताने पुस्तकात सांगितलेल्या टोकापर्यंत न्या, चारही सारखे. सुरू होताना कंट्रोलर त्याच टोकाला शून्य मानतो. एका कोपऱ्यात दोन क्लिक चुकले तर गाडी कायम एका बाजूला वेगळी वागेल आणि स्क्रीन मात्र चारही आकडे सारखेच दाखवेल. इग्निशन चालू असताना कुठलाही प्लग काढ-घाल करायचा नाही.

काउलचं झाकण परत लावताना त्याखालच्या पाण्याच्या वाटा साफ करा. सुरूची पानं बारीक सुईसारखी असतात आणि नेमकी त्या भोकांत गच्च बसतात. पाणी तुंबलं की ते टॉप माउंटवर आणि तुमच्या नव्या मोटरवर उभं राहतं. तुमच्या घराजवळ हे दर महिन्याला बघावं लागेल.

उंचीबद्दल एकच: कमी करू नका. कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअप) सेट आला म्हणून गाडी 30 मिमी खाली घेणं पुण्यात चालून जाईल. आपल्याकडे मोऱ्या, गतिरोधक आणि पावसानंतरचा महामार्ग आहे. उंची कमी झाली की शॉकअपचा दाबायचा प्रवासही कमी होतो, गाडी बंप स्टॉपवर चालते, आणि बंप स्टॉपला कुठलंही इलेक्ट्रॉनिक सेटिंग नसतं. लिहून ठेवलेल्या आकड्यांवरच बसवा.

रत्नागिरीत बसवून अलाइनमेंट कोल्हापूरला केली तरी चालेल. नकल पिंच बोल्टचं असल्यामुळे, उंची तीच ठेवली तर टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते) फारसा हलत नाही. जायच्या आधी इथे टो एकदा बघून घ्या म्हणजे टायर घासणार नाहीत. सव्वाशे-एक किलोमीटरच्या त्या प्रवासात स्प्रिंग आपल्या जागी बसतात. तिथे आधी उंची पुन्हा मोजा, मग अलाइनमेंट आणि शेवटी स्टिअरिंग अँगल सेन्सर शून्यावर. हेडलाइट आपोआप वर-खाली होणारे असतील तर त्यांचंही बेसिक सेटिंग करून घ्या.

आता सेटिंग. चारही मधल्या आकड्यावर ठेवून सुरुवात करा, टायरमधली हवा थंड असताना भरलेली. मग एका वेळी एकच टोक, दोन-दोन क्लिक. कडक म्हणजे चांगलं हा समज सोडा. हाताने किंवा मोटरने फिरणारी सुई मुख्यतः दांड्याच्या मंद हालचालीवर, म्हणजे वळणात झुकणं आणि ब्रेकला नाक खाली जाणं यावर असर करते. खड्ड्याचा तडाखा जलद हालचालीचा असतो, तो आतल्या पट्ट्या सांभाळतात. म्हणून 'खड्डे फार लागतात' ही तक्रार क्लिक फिरवून थोडीच कमी होते. रिबाउंड (दाबलेला शॉकअप परत ताणला जाताना होणारा विरोध) फार कडक असेल तर एक ओळखू येणारी खूण आहे: वाटेतल्या पाली गावाजवळ रंबल पट्ट्यांवरून जाताना गाडी प्रत्येक पट्टीला थोडी-थोडी खाली बसत जाते, कारण चाक परत खाली यायच्या आत पुढचा धक्का येतो. तसं जाणवलं की मऊ करा. पावसात आंबा चढताना मागचं टोक कोरड्या रस्त्यापेक्षा तीन-चार क्लिक मऊ ठेवा. ओल्या डांबरावर चाक रस्ता सोडून उडालं की पकड गेली, मग कंट्रोलर कितीही हुशार असो. स्वयंचलित मोड पहिला महिना बंदच ठेवा. गाडी स्वतःच बदलत असताना चूक शॉकअपची, टायरची की सेटिंगची हे कळत नाही.

कागदांचंही बघून घ्या. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या, कंपनीने ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत. मूळ उंची राखण्याला हेही एक कारण. विमा कंपनीला बसवलेल्या भागांबद्दल लेखी कळवा आणि उत्तर येईपर्यंत जुने शॉकअप भंगारात देऊ नका.

धुण्याचं शेवटी, कारण बहुतेक जण इथेच चुकतात. पावसाळ्यात आठवड्याला एकदा कमानी आतून गोड्या पाण्याने, साध्या पाइपने धुवा. प्रेशर वॉशरचा फवारा बुटाच्या कडेवर आणि कनेक्टरवर धरू नका, तो पाणी सीलच्या आत ढकलतो. स्प्रिंगच्या बैठकीत साचलेली लाल माती बोटाने काढा. ती ओली राहते आणि मीठ धरून ठेवते. आणि खाडीकाठच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते वापरू नका, त्यापेक्षा पावसात गाडी उभी ठेवलेली बरी. दर सहा महिन्यांनी, एकदा मे अखेरीस आणि एकदा दसऱ्याच्या सुमारास, चारही कनेक्टर उघडून बघा. पिन चकचकीत असतील तर ग्रीस लावून बंद करा. हिरवट दिसल्या तर घासत बसू नका, पिन आणि सील दोन्ही बदला.